निर्देशांकातील समाज आणि उतारावरची वस्ती : पाचगणी परिसराच्या संदर्भात असुरक्षितता-मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना

पाचगणी हे गाव हवामानाच्या मूल्यमापनातूनच जन्माला आले आहे. महाबळेश्वरचा पावसाळा युरोपीय कुटुंबांना मानवत नव्हता. वर्षभर राहता येईल असे थंड हवेचे ठिकाण हवे होते, म्हणून 1860 च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांच्या मधोमध ही वसाहत आकाराला आली. पुढे 1912 मध्ये डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम सुरू केले आणि निवासी शाळांमुळे गावाचे नाव देशभर झाले. येथील हवा पारखली गेली आणि ती उत्तम ठरली. परंतु ती कोणाला मानवते हा प्रश्न विचारला गेला तो बाहेरून येणाऱ्यांपुरताच. सभोवतालच्या पाच गावांतील रहिवाशांविषयी तो विचारावा, असे तेव्हा कोणाला वाटले नाही.

आज हवामान बदलाच्या संदर्भात स्थानिक समुदायांच्या असुरक्षिततेचे मूल्यमापन हा संशोधनाचा मान्यताप्राप्त विषय झाला आहे. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवर निर्देशांक तयार होत आहेत आणि आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्प व प्रबंधिकाही त्याच चौकटीत लिहिल्या जात आहेत. या मूल्यमापनांत ‘कोणाची असुरक्षितता?’ हा जुना प्रश्न पुन्हा बाजूला पडतो काय, याची चिकित्सा प्रस्तुत निबंधात केली आहे.

उद्दिष्टे

1) ‘असुरक्षितता’ या संज्ञेचा मराठी व्यवहारातील अर्थ तपासणे.
2) प्रचलित निर्देशांकांची बांधणी पाचगणी परिसर व कृष्णाखोऱ्याच्या वास्तवाशी ताडून पाहणे.
3) मूल्यमापनाच्या योग्य एककाविषयी विचार मांडणे.

निबंधाची पद्धती चिकित्सक-वर्णनात्मक असून प्रकाशित अहवाल, अधिसूचना आणि परिसराचे निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

संज्ञेचा प्रश्न

शासकीय मराठीत ‘दरडप्रवण’, ‘पूरप्रवण’ व ‘अवर्षणप्रवण’ हे शब्द चांगलेच रुळले आहेत. हे तिन्ही शब्द डोंगराला, नदीकाठाला आणि तालुक्याला लागतात. माणसांना लागत नाहीत. माणसांसाठी आपल्याकडे ‘दुर्बल घटक’ हा शब्द आहे. मात्र तो दौर्बल्य माणसाच्या ठिकाणी मानतो, त्याच्या परिस्थितीकडे बोट दाखवत नाही. उताराखालच्या वाडीतील कुटुंब दुर्बल आहे म्हणून संकटात सापडते, असे नव्हे. उतार, पाऊस, घराची जागा, रस्ता आणि ती जागा सोडून जाण्याची ऐपत यांची एक विशिष्ट सांगड पडते, तेव्हा ते कुटुंब असुरक्षित होते. असुरक्षितता हा माणसाचा गुणधर्म नसून तो एक संबंध आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये प्रत्येक जिल्ह्याने आपत्तीचा धोका असलेली क्षेत्रे आपल्या आराखड्यात नमूद करावयाची असतात. येथेही शब्द ‘क्षेत्रे’ असाच आहे. क्षेत्राची नोंद झाली की त्यात राहणाऱ्यांचीही नोंद झाली, असे गृहीत धरले जाते. आणि चिकित्सेची पहिली गरज याच गृहीतकापाशी उत्पन्न होते.

निर्देशांकांची बांधणी

आयपीसीसी या नावाने परिचित असलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या 2001 व 2007 च्या अहवालांत असुरक्षिततेचे तीन घटक मानले होते : धोक्याला सामोरे असणे, संवेदनशीलता आणि जुळवून घेण्याची क्षमता. 2014 च्या पाचव्या अहवालात ही मांडणी बदलली. धोका, त्याला सामोरे असणे आणि असुरक्षितता या तीन बाबी वेगळ्या करून त्यांच्या एकत्र येण्यास ‘जोखीम’ म्हटले गेले. हा बदल केवळ पारिभाषिक नाही. पहिल्या व्याख्येनुसार काढलेल्या असुरक्षिततेत पाऊस समाविष्ट असतो. दुसऱ्या व्याख्येनुसार काढलेल्या असुरक्षिततेत तो नसतो.

महाराष्ट्राच्या बाबतीत दोन्ही प्रकारची मूल्यमापने उपलब्ध आहेत. 2014 मध्ये टेरी या संस्थेच्या अभ्यासावर आधारित राज्य अनुकूलन कृती आराखडा सिद्ध झाला. त्यातील जिल्हावार निर्देशांकात नंदुरबार सर्वाधिक असुरक्षित ठरला, तर सातारा यादीच्या दुसऱ्या टोकाकडे होता. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मूल्यमापनात महाराष्ट्राची गणना कमी असुरक्षित राज्यांत झाली. हे मूल्यमापन पाचव्या अहवालाच्या व्याख्येवर उभे आहे. म्हणजे त्यात धोक्याचा हिशेब मुळातच धरलेला नाही. ही मर्यादा दडवलेली नाही. तरीही ‘महाराष्ट्र कमी असुरक्षित’ हे वाक्य सभा-संमेलनांत ‘महाराष्ट्राला धोका कमी’ अशा अर्थाने वापरले जाते.

या प्रयत्नांचे मोल नाकारण्याचा येथे हेतू नाही. निधीचा अग्रक्रम ठरविण्यासाठी तुलनेची गरज असते आणि तुलनेसाठी समान मोजपट्टी लागते. नंदुरबारचे दारिद्र्य व आरोग्यसेवेची उणीव अशा मोजपट्टीमुळेच ठळक होते. आक्षेप आहे तो ही मोजपट्टी जिल्ह्याच्या पातळीवरून थेट वाडीवर उतरविण्याला.

राष्ट्रीय मूल्यमापनातील 14 निर्देशकांपैकी दोन पाचगणी परिसरात पडताळून पाहता येतील. पहिला, शेतीतील फलोत्पादनाचा वाटा. हा वाटा जितका अधिक तितकी असुरक्षितता कमी, असे तेथे मानले आहे. कारण फळझाडे हंगामी पिकांपेक्षा चिवट असतात. पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातील मुख्य फलोत्पादन मात्र स्ट्रॉबेरीचे. तिला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. स्ट्रॉबेरी हे झाड नव्हे. पावसाळ्यात जपलेली रोपे सप्टेंबरच्या सुमारास लावायची आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फळ तोडायचे, असे हे नाजूक पीक आहे. ऐन हंगामातील अवकाळी पावसाने फळ कुजते, गारांनी ते ठेचले जाते. भिलार, भोसे, गोडवली येथील शेतकऱ्याचा सारा भांडवली खर्च तोवर जमिनीत गेलेला असतो. म्हणजे निर्देशांक ज्याला ढाल समजतो, तेच येथे सर्वांत हळवे अंग आहे.

दुसरा निर्देशक रस्ते व रेल्वेच्या घनतेचा. रस्ता आला की मदत पोहोचते, हे खरेच. परंतु घाटातील रस्ता डोंगर कापून केलेला असतो, त्यामुळे त्याच्या वरचा उतार अस्थिर होऊ शकतो. शिवाय घनता लांबी मोजते, पर्याय मोजत नाही. पसरणी घाटात दरड कोसळली तर वाईशी असलेला थेट संबंध तुटतो. 22 व 23 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत, महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा, आंबेनळी घाटातील पोलादपूरकडचा रस्ता दरडींनी बंद पडला होता. आजाऱ्याला वेळेत खाली नेता येईल काय, हा वाडीचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर रस्त्याच्या घनतेत सापडत नाही.

सरासरीने लपविलेले वास्तव

महाबळेश्वरची वार्षिक पर्जन्यसरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे आहे. तेथून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत ती सुमारे एक-तृतीयांशावर येते आणि घाट उतरून वाईला पोहोचेतो हजाराच्या आत जाते. इतक्या थोड्या अंतरात पावसाचे प्रमाण एवढे बदलत असताना तालुक्याची सरासरी काय सांगणार?

लोकांच्या बाबतीतही हेच. महाबळेश्वर तालुक्यात पाचगणीतील हॉटेले आहेत, निवासी शाळा आहेत आणि शिवसागर जलाशयापलीकडची कांदाटी खोऱ्यातील गावेही आहेत. त्या गावांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार बराच काळ लाँचवर अवलंबून राहिला आहे. डोंगरावरचे धनगरवाडे याच तालुक्यात येतात. या सर्वांची बेरीज करून काढलेले ‘तालुक्याचे उत्पन्न’ यांपैकी कोणाचेच नसते. त्यातही आकडे बहुधा 2011 च्या जनगणनेचे असतात, कारण 2021 ची जनगणना पुढे ढकलली गेली. हंगामापुरते येणारे मजूर आणि सुटीतील पर्यटकांची गर्दी तर या गणनेत नीट बसतच नाही.

भूरचना पाहिली तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो. पाचगणीच्या पठारांवर जांभा दगडाचे आच्छादन असून खाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी कठीण थराशी अडते व कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. याच झऱ्यांच्या आधाराने उतारावर वाड्या वसल्या. अतिवृष्टीत अडलेल्या पाण्याचा दाब वाढला की माती सुटण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात झरा आटला की त्याच वाडीला पाण्यासाठी पायपीट पडते. जुलैचा धोका आणि मे महिन्याची टंचाई एकाच उंबरठ्यावर येतात. वार्षिक सरासरीत मात्र जास्त आणि कमी मिळून ‘मध्यम’ अशी नोंद होते.

जुलै 2021 मध्ये सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. वाई तालुक्याच्या पश्चिमेकडील देवरुखवाडीवरही दरड आली. म्हणजे 2014 च्या यादीत सुरक्षिततेच्या टोकाकडे असलेला जिल्हा हाच. निर्देशांक चुकला असे यावरून म्हणता येणार नाही. त्याला वाडी विचारलीच नव्हती.

नकाशांच्या बाबतीतही तीच अडचण आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 2014 मध्ये हाती घेतलेला राष्ट्रीय दरडप्रवणता नकाशा 1:50,000 या प्रमाणावर आहे. त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील 500 मीटर. वीस-पंचवीस घरांची वाडी त्यात दोन-तीन मिलिमीटरची होते. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. यादीत नाव नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे, हा धडा त्यापूर्वी 2014 मध्ये पुणे जिल्ह्यातील माळीणनेही दिला होता.

खोऱ्याच्या खालच्या अंगाला

पाचगणीचा विचार डोंगरावरच थांबविता येत नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा पाचगणीच्या पायथ्याशी धोम धरणात अडते, वाईवरून कराडला येते, तेथे कोयनेला घेते आणि सांगलीस पोहोचते. वरच्या अंगाचा पाऊस खालच्या अंगाला पूर होऊन येतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले; जुलै 2021 मध्ये ते पुन्हा 50 फुटांच्या पुढे होते. 2005 चा महापूर धरला तर 16 वर्षांत हे तीन प्रसंग. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबाने आखली जाते. हा हिशेब भूतकाळातील नोंदींवर बेतलेला असतो. भूतकाळ भविष्याचा जामीन राहिला नाही, तर रेषेवरही भिस्त ठेवता येत नाही.

येथेही निर्देशकांची गफलत दिसते. सिंचित क्षेत्र अधिक असणे हे क्षमतेचे लक्षण मानले जाते. सांगलीत सिंचित उसाचा पट्टा नदीकाठचा आहे, आणि नेमका तोच पुराखाली जातो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत व आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. पूर आणि दुष्काळ यांची सरासरी काढणे म्हणजे बुडणारा व तहानलेला यांना मिळून एक पेला पाणी देण्यासारखे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून जीवितहानी झाली. ते लोक गाव सोडण्यास निघाले होते. कमी पडले ते सुरक्षित साधन. गावात नावा किती, त्या कोणाच्या आणि त्यांत प्रथम कोण बसणार, हे प्रश्न कोणत्याही निर्देशांकात नाहीत.

मूल्यमापनाचे एकक : वस्ती

यावरून वस्ती हेच मूल्यमापनाचे मूळ एकक असावे, असे प्रतिपादन करावेसे वाटते. वस्तीचे मूल्यमापन वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यात व उन्हाळ्यात, व्हावे. त्यात मालमत्तेच्या प्रश्नांइतकेच हालचालीचे प्रश्न असावेत : रात्री घर सोडावे लागले तर कोणाला चालता येणार नाही? गुरे सोडून कोण निघणार नाही? निरोप कोणाकडे प्रथम येतो? नवीन भेग किंवा गढूळ झालेला झरा दिसला तर ते कोणाला सांगायचे? ही माहिती वाडीतील वृद्ध स्त्री-पुरुषांपाशी असते. तिला ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणून परिशिष्टात टाकण्याऐवजी मूळ नोंदीत स्थान मिळाले पाहिजे.

नियमनाचाही विचार याच दृष्टीने व्हावा. 17 जानेवारी 2001 च्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. डोंगर व जंगल राखण्यासाठी ती आवश्यकच होती. परंतु घराची पडवी वाढवू पाहणारा शेतकरी आणि हॉटेलाचा मजला वाढवू पाहणारा व्यावसायिक यांना एकच अधिसूचना लागू असली, तरी परवानगीची पायरी चढण्याची दोघांची ताकद सारखी नसते. संवेदनशील क्षेत्रातील माणसाची असुरक्षितता मोजताना हेही मोजावे लागेल.

वस्तीनिहाय मूल्यमापन खर्चिक व वेळखाऊ आहे, त्यातून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना होणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः मान्य आहे. म्हणूनच निर्देशांक मोडीत काढावा असे येथे सुचविलेले नाही. निधी कोठे जावा हे निर्देशांकाने सांगावे. तेथे गेल्यावर कोणाच्या दाराशी जावा, हे वस्तीने सांगावे.

निष्कर्ष

1) असुरक्षितता हा क्षेत्राचा अथवा व्यक्तीचा गुणधर्म नसून परिस्थितीजन्य संबंध आहे, ‘प्रवण’ व ‘दुर्बल’ या शब्दांनी तो पुरता व्यक्त होत नाही.
2) फलोत्पादन, रस्ते व सिंचन हे निर्देशक पाचगणी-सांगली पट्ट्यात अपेक्षेच्या उलट अर्थानेही काम करतात.
3) जिल्हा व तालुक्याच्या सरासरीत परस्परविरोधी धोके एकमेकांना झाकून टाकतात.
4) निर्देशांक व वस्तीनिहाय नोंद ही परस्परपूरक साधने मानली पाहिजेत.

शेवटी आपल्या स्वतःच्या कामाविषयी. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या वेळी तालुका हेच एकक धरले होते. आकडे सहज मिळत होते आणि तक्ता नीटनेटका होत होता. त्या तक्त्यात एकही वाडी नव्हती, हे मौखिक परीक्षेत कोणी विचारले नाही आणि आपणहून जाणवलेही नाही. पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाल्यापासून दरवर्षी हजारो विद्यार्थी क्षेत्रभेटीचे प्रकल्प लिहितात. त्यांपैकी अनेकांची घरे अशाच उतारांवर आणि नदीकाठांवर आहेत. त्यांना दुसऱ्या गावाची प्रश्नावली भरून आणावयास सांगण्याऐवजी आपल्याच वस्तीची, वर दिलेल्या प्रश्नांनिशी, नोंद करावयास सांगितले आणि ती नोंद ग्रामपंचायतीकडे व तहसील कार्यालयाकडे पोहोचविली, तर महाविद्यालयांना हे काम नवीन निधीवाचूनही करता येईल. पुढील पावसाळ्यापूर्वी त्याचा आरंभ व्हावा.