तक्त्यात न मावणारे रोग

जानेवारी 2021मध्ये बीड जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला. शेजारच्या परभणीत मुरुंब्याच्या कोंबड्यांतही. एक विषाणू, एक रोग. वर्गातल्या तक्त्यात हे चपखल बसते. पण ब्रॉयलरच्या शेडमधली प्रत्येक मर अशी नसते, आणि तिथे हे तक्ते आम्हाला अपुरे वाटतात.

गंबोरो घ्या. त्याचा विषाणू कोंबडीच्या गुदद्वाराजवळील 'बर्सा' या पिशवीतील बी-पेशी नष्ट करतो. (या पेशींच्या नावातला 'बी' बर्सावरूनच आला, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते?) मग राणीखेतची लस देऊनही पुरेशी प्रतिपिंडे तयार होत नाहीत. एरवी आतड्यात गुमान राहणारा ई. कोलाय जीव घेतो. त्यात चिकन अ‍ॅनिमियाचा विषाणू आला, की थायमस आणि अस्थिमज्जाही जाते. गंबोरोचा धोका तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सर्वाधिक, आणि ब्रॉयलरचे आयुष्यच सुमारे सहा आठवड्यांचे!

मेलेल्या पक्ष्यात ई. कोलाय सापडतो, प्रतिजैविके दिली जातात. बर्सा तपासायचा राहिला तर पुढच्या खेपेलाही तीच मर, आणि शेतकरी म्हणणार, लसच बोगस. तक्त्यात 'आधी काय बिघडले होते?' असा एक रकाना वाढवायला हवा.