शाडू नसलेल्या गावचे गणपती

न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर शनिवारी भाजी आणायला जाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की हा सगळा मुलूख एके काळी मातीसाठी नावाजलेला होता. वुडब्रिज, पर्थ अँबॉय, सेयरव्हिल आणि आजचं एडिसन, म्हणजे रॅरिटन नदीच्या आसपासचा हा पट्टा, चिकणमातीच्या जाड थरांवर वसलेला आहे. एकोणिसाव्या शतकात इथं मातीच्या खाणी निघाल्या, भट्ट्या पेटल्या. सेयर अँड फिशर ही वीट कंपनी सेयरव्हिलला १८५० साली सुरू झाली आणि १९७० पर्यंत चालली. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या बांधकामातही तिच्या विटा आहेत. मॅनहॅटनच्या, १९१३ साली उघडलेल्या वूलवर्थ बिल्डिंगवर जे नक्षीदार टेराकोटा चढलं, ते पर्थ अँबॉय आणि टॉटनव्हिलला कारखाने असलेल्या अटलांटिक टेराकोटा कंपनीचं. पुढे भट्ट्या विझल्या, खाणी बुजल्या, वस्त्या वाढल्या, आणि त्या वस्त्यांत आपण राहायला आलो.

याच परिसरात आता पुन्हा मातीकाम चालू आहे. ते मोठ्या कारखान्यात नाही, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये आहे. जून उजाडला की गाडी बाहेर अंगणात उभी राहते, आत घडीची टेबलं मांडली जातात, आणि ऑगस्टच्या अखेरीपर्यंत त्या जागेत गणपतीशिवाय कशालाही थारा नसतो. आपल्या मराठी मंडळाच्या परिसरात असं काम करणाऱ्या एकाहून अधिक जणी आहेत. एकीचं नाव छापून बाकीच्यांना मागे ठेवावंसं वाटत नाही, म्हणून या लेखात ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांना नुसतं ‘ताई’ म्हणते. मंडळातली लहान मुलंही त्यांना याच नावानं ओळखतात.

आपल्याकडे मूर्ती म्हटलं की शाडू. इथं तो सहजासहजी मिळत नाही. दुकानात मिळते ती कुंभारकामाची ओली माती, पंचवीस-पंचवीस पौंडांच्या पिशव्यांत. तिच्यातही अनेक जाती. काही मातींत भाजलेल्या मातीचा रवा मिसळलेला असतो. भांड्याला तो बळ देतो, पण गणपतीच्या गालावर बोट फिरवलं की चरचरतो. म्हणून बिनरव्याची, गुळगुळीत माती शोधावी लागते. हवेत वाळणारी म्हणून जी तयार माती विकतात, तिच्यात बऱ्याचदा धागे किंवा कागदाचा लगदा असतो; ती हलकी असते, तडकत नाही, पण बादलीत विसर्जन केल्यावर शाडूसारखी विरघळत नाही. भाजलेली माती तर विरघळण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा कुंभाराची माती घ्यायची आणि भट्टीत मात्र घालायची नाही, असा मार्ग ताईंनी काढला. कुंभारकाम शिकवणाऱ्या इथल्या बाईंना याचं फार नवल वाटलं होतं. इतक्या मेहनतीनं केलेली वस्तू भाजायची नाही, टिकवायची नाही, उलट दहा दिवसांनी पाण्यात सोडायची, हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी स्वतः विसर्जन बघायला आल्या.

मातीला घाई चालत नाही. ओली माती वाळताना आकसते, आणि जाड भाग आणि पातळ भाग एकाच वेगानं वाळले नाहीत तर तडा जातो. पोट जाड, कान पातळ. कान आधी वाळून ताणतात आणि डोक्याशी जिथं जोडलेले असतात तिथं भेग पडते. त्यावर उपाय म्हणजे कानांवर ओलं फडकं, सोंडेवर ओलं फडकं, आणि पोट आतून पोकळ. जोड देताना दोन्ही बाजू कोरणीनं खरवडायच्या, पातळ केलेल्या मातीचा लेप द्यायचा आणि दाबून बसवायचं. आतमध्ये तारेचा सांगाडा घालून चालत नाही, कारण माती आकसते आणि तार आकसत नाही. इथल्या घरांत उन्हाळाभर वातानुकूलन चालू असतं, ती कोरडी हवा मूर्तीला मुळीच मानवत नाही. गॅरेजमधली दमट, उकाड्याची हवा माणसाला नको वाटते, पण मातीला तीच हवी असते. न्यू जर्सीचा जुलै त्या बाबतीत कोकणाच्या बराच जवळ जातो.

शाडू नाही तर तो गणपती ‘आपला’ कसा, असं काही जण विचारतात. मला वाटतं, त्याचं उत्तर पेणमध्येच आहे. रायगड जिल्ह्यातलं पेण म्हणजे गणपतीचं माहेरघर. गावात आणि हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गावांत वर्षभर मूर्ती घडतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उन्हाळ्यातच खोक्यांत बसून बोटीनं निघतात, तेव्हा कुठे भाद्रपदापर्यंत इथं पोचतात. पण पेणला शाडू येतो तो गुजरातेतून, भावनगरकडून, गोण्या भरून. पेणची आहे ती नजर, तो हात, ती आखणी. डोळे रंगवायच्या कामाला तिथं आखणी म्हणतात आणि कारखान्यात ते काम सरसकट कोणाच्याही हाती देत नाहीत. ताई आखणी शिकल्या त्या एका सुट्टीत, पेणच्या एका कारखान्यात दिवसचे दिवस कडेला बसून. डोळ्याची वरची रेघ एका श्वासात, ब्रश न उचलता ओढायची, हे त्या तिथून घेऊन आल्या. बॅगेत माती आणली नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते.

ताई या देशात आल्या त्या एच-४ व्हिसावर. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला तो मिळतो. आपल्यापैकी अनेकींनी ते दिवस काढलेत. हातात पदवी, मागे नोकरीचा अनुभव, आणि इथं एक डॉलर कमावण्याची मुभा नाही. त्या रिकाम्या दुपारी कितीतरी जणींनी कला जवळ केली. कोणी रांगोळी, कोणी वारली, कोणी शिवण, कोणी माती. मंडळाचे कितीतरी गणेशोत्सव, कितीतरी मखरं, नाटकांचे कितीतरी पडदे या विनामोबदला हातांनी उभे केले आहेत. २६ मे २०१५ पासून नियम बदलला, आणि मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा टप्पा मंजूर झाला आहे, त्यांना कामाचा परवाना मागता येऊ लागला. अनेक जणी नोकरीत गेल्या. ताईंनी परवाना हातात आल्यावर व्यवसायाची नोंदणी केली, विक्रीकराचा क्रमांक घेतला, आणि पहिल्यांदा आपल्या गणपतीखाली किंमत लिहिली.

ती किंमत लिहिणं त्यांना जड गेलं आणि आपल्याला ती वाचणं जड गेलं. ‘घरच्या घरीच तर करता’, ‘माती केवढ्याला पडते?’, ‘मंडळाचं आहे, थोडं बघा ना’. यातलं काहीही कोणी वाईट मनानं बोललं नाही. पण मातीचा खर्च खरोखरच थोडा असतो. एक फुटाच्या मूर्तीत जाते ती माती काही डॉलरांची. जातो तो वेळ. घडवायला दोन-तीन दिवस, वाळायला दोन-तीन आठवडे, त्या काळात रोज फडकी बदलायची, भेगा बुजवायच्या, मग घासायचं, पांढरा हात द्यायचा, रंग, दागिने, शेवटी आखणी. इतकं करून एखादी मूर्ती ऐन वेळी तडकते, ती पुन्हा भिजवून माती करायची. या सगळ्याला आपण ‘छंद’ म्हटलं की पैशाचा विषय आपोआप बाजूला पडतो. पेणमध्ये याला कोणी छंद म्हणत नाही. तिथं तो उद्योग आहे. त्यावर घरं चालतात, मुलं शिकतात, म्हणूनच तिथं तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. कलेवरच्या प्रेमानं एक माणूस आयुष्यभर काम करील, पण त्याच्या पाठीमागे दुसरा यायचा असेल तर कामाला मोल मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. परदेशात आपण कला ‘जपतो’ असं अभिमानानं सांगतो, तेव्हा जपणाऱ्याचं घरभाडं त्या कलेतून निघतं का, हेही विचारावं.

कोकणातल्या माणसांना यासाठी नवं काही शिकायला नको. तिथं गणपती घडतो त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. आषाढ-श्रावणात प्रत्येक घरातून पाट शाळेत जातो. पाटाच्या मागे घराचं नाव, सोबत नारळ, विडा. केवढा गणपती हवा हे पाटच सांगतो. एकदा पाट दिला की तो मूर्तिकार आपला आणि आपण त्याचे. भाद्रपदात त्याच पाटावर देव घरी येतो आणि मूर्तिकाराला दक्षिणा पोचते. पुष्कळ घरं तीन-तीन पिढ्या एकाच शाळेत पाट देतात. ताईंचं माहेर देवगड तालुक्यातलं, ही रीत त्यांच्या अंगवळणी. घासाघीस सुरू झाली तेव्हा वाद न घालता त्यांनी सगळ्यांना एवढंच कळवलं की, यापुढे फोनवर ऑर्डर घेणार नाही, पाट आणून द्या. पाट घेऊन माणसं गॅरेजपर्यंत आली. तिथं अर्धवट मूर्ती बघितल्या, ओली फडकी बघितली, एका कानाची भेग तिसऱ्यांदा बुजवताना ताईंना बघितलं, आणि किमतीची बोलणी जवळजवळ थांबली. काही घरांत पाटच नव्हते. मग मंडळातल्या सुतारकामाची हौस असलेल्या एका काकांनी ते करून द्यायला सुरुवात केली. तेही आता पाटाचे रीतसर पैसे घेतात, आणि मला त्याचा आनंद आहे.

पैसे मिळू लागले की कलावंताचं स्वतःचं काय उरतं, हा प्रश्न मात्र खरा आहे. येणाऱ्या पाटांपैकी बहुतेकांसोबत फोनमधला फोटो येतो. दगडूशेठसारखा हवा, लालबागच्या राजासारखी बैठक हवी, आजोबांच्या घरी असायचा तसा हवा. यात कमीपणा काही नाही. घरापासून इतक्या दूर माणसाला ओळखीचा चेहरा हवासा वाटतो, आणि तो चेहरा नेमका उतरवणं हीसुद्धा मोठी कसोटी आहे. पण ताई दर वर्षी काही मूर्ती कोणी न सांगता करतात. त्यांतली मला सर्वांत आवडलेली म्हणजे महाभारत लिहून घेणारा गणपती. मुकुट नाही, अंगावर फार दागिने नाहीत, मान खाली, हातात मोडलेला दात, समोर पोथी. ही मूर्ती घडवायला अवघड. डोकं पुढे झुकलं की सोंडेचा सगळा भार मानेवर येतो, माती ओली असताना ते खाली बसू पाहतं. म्हणून सोंडेला पोथीचा आधार दिला आहे, तिचं टोक पानावर टेकलेलं आहे. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे डोळे. खाली बघणाऱ्या गणपतीचे डोळे अर्धे मिटलेले दिसतात. आपल्याला सवय असते ती आपल्याकडे रोखून, प्रेमानं बघणाऱ्या डोळ्यांची. पहिल्या वर्षी तो गणपती कोणी नेला नाही, तो ताईंच्याच घरी बसला. त्यांच्याकडे आरतीला आलेल्या एका कुटुंबानं पुढच्या वर्षी तसाच मागितला. त्यांच्या घरी कोणीतरी प्रबंध लिहीत होतं म्हणे. आता दर वर्षी एक-दोन पाट लिहिणाऱ्या गणपतीसाठी येतात. फोटोबरहुकूम केलेल्या मूर्तींच्या कमाईनं या मूर्तीला वेळ मिळवून दिला. धंदा कलेला खातो अशी भीती आपण ऐकत आलो आहोत. इथं मी त्याच्या उलट घडताना पाहिलं.

अशा वाटेवर आपल्यातल्या इतरही आहेत. शिवलेली नऊवारी शिवून देणारी मैत्रीण आहे. इथल्या ढोल-ताशा पथकातल्या मुली तासन्‌तास उभ्या राहून, उड्या मारून वाजवतात, तिथं नेसलेल्या साडीची काळजी करत बसता येत नाही, हे ओळखून तिनं काष्टा पक्का आणि खिसा आतून दिला. नानकटाई करणाऱ्या मावशींना तर कायद्याचीच वाट बघावी लागली. घरच्या स्वयंपाकघरात भाजलेले पदार्थ विकायला परवानगी देणारं न्यू जर्सी हे देशातलं शेवटचं राज्य, आणि तो नियम ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाला. त्या दिवाळीच्या डब्यांवर मावशींनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं लेबल लावलं. त्या डब्याचा फोटो त्यांच्या फोनवर अजून आहे.

मंडळानं यंदा एक चांगली गोष्ट केली, ती नोंदवायला हवी. मुलांची माती-कार्यशाळा आजवर ताई फुकट घेत होत्या. या वर्षीपासून अंदाजपत्रकात त्यांच्या मानधनाची वेगळी ओळ आहे, जशी गायकांच्या आणि ध्वनिव्यवस्थेच्या खर्चाची असते. कार्यशाळेतूनच हायस्कूलमधली एक मुलगी ताईंकडे टिकली. मराठी ती अडखळत बोलते, पण आखणी, कोरणी, पाट हे शब्द तिच्या तोंडी पक्के आहेत. या उन्हाळ्यात तिनं तासाप्रमाणे पैसे घेऊन रंगकाम केलं. लहान मूर्तींचे डोळे आता तीच आखते. मोठ्यांचे अजून ताई.

पुढच्या वर्षी ज्यांना मूर्ती हवी असेल त्यांनी नागपंचमीच्या आत पाट पोचवावेत, मागे घराचं नाव लिहून. त्यानंतर आलेला पाट ताई घेत नाहीत. चतुर्थीला तेव्हा महिनाभरच उरलेला असतो, आणि मूर्ती घडून, नीट वाळून, रंगून व्हायला तेवढा वेळ लागतोच.