चेन उघडली की देवी दुभंगते

ऑक्टोबरमध्ये डहाणूत माणूस घामाने निथळत असतो. भातं कापणीला आलेली, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि मी पंख्याखाली बसून मोबाइलवर 'ऑटम लुक'ची रीळं बघत होते. पंधरा दिवसांनी ॲमस्टरडॅमला मावसबहिणीकडे जायचं होतं. पहिलंच परदेश. घरात लोकरीचं म्हणावं असं एकच, बाबांचा मफलर. त्यालाही डांबरगोळ्यांचा वास.

रीळांमधला ऑटम म्हणजे बदामी रंगाचा लांब कोट, घोट्यापर्यंतचे बूट, हातात कॉफी आणि पायाखाली पिवळी पानं. आपण त्याला सरळ 'शरद' म्हणून मोकळे होतो. पण आपला शरद म्हणजे कोजागिरीचं चांदणं, निवळलेलं पाणी, कापणीची घाई. पानगळ आपल्याकडे शिशिरात. म्हणजे अडचण कपड्यांच्या आधी शब्दापासूनच आहे. ज्या ऋतूला माझ्या भाषेत जागाच नाही, त्यासाठी मी काय घालू?

'अपूर्वाई'त पुलंनी परदेशी निघालेल्या माणसावर कोसळणाऱ्या सल्ल्यांची धमाल उडवली आहे. माझ्यावरही ते कोसळले, फक्त एक नवा होता. सगळ्यांना वाटत होतं, मी 'आपलं काहीतरी' घालावं. "तू डहाणूची ना? मग वारली प्रिंट घाल की! तिकडे लोक विचारतील." मी ऑनलाइन एक जॅकेट मागवलं. मातकट लाल, वर पांढरी चित्रं. आरशात बघितलं तर खरंच छान दिसत होते. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्या जॅकेटला नावं ठेवणार आहे.

तलासरीची माझी मैत्रीण वारली आहे, स्वतः चित्रं काढते. तिने जॅकेट हातात घेतलं आणि पहिल्यांदा चेन लावून पाहिली. मग उघडली. मग पुन्हा लावली. छातीवर लग्नचौक होता, मधोमध पालघाट देवी. "बंद असली की ठीक," ती म्हणाली. "उघडलीस की देवीचे दोन तुकडे."

मला ते दिसलंच नव्हतं. हा चौक लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाष्णी काढतात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, टोक ठेचलेली बांबूची काडी. देवी चौकात असते, कारण चौक ही तिची जागा. डिझायनरने तिची जागा चेनच्या सोयीने ठरवली. खालच्या कडेला तारपा नाच होता, तोही सरळ रेषेत, साडीच्या काठासारखा. खऱ्या चित्रात नाचणाऱ्यांची रांग वळत वळत गोल होते, तारपा वाजवणारा मध्ये, आणि नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत. जॅकेटवर तारपावालाच नव्हता. सगळे कुणासाठी नाचतायत कोण जाणे.

हे चित्र परदेशी जाऊच नये, असं मी म्हणत नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं. त्यांची चित्रं १९७६ साली फ्रान्समधल्या मांतोंला गेली. २००३ मध्ये रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. ती चित्रं गेली तेव्हा त्यांच्याखाली नाव होतं. २०१४ पासून वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही आहे. माझ्या जॅकेटवर आतल्या बाजूला फक्त मापाचं लेबल होतं. एम.

'आपलं काहीतरी' घालून परदेशातल्या शरदात उभ्या राहिलेल्या बाईचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. दर महिला दिनाला तो फिरतो. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आपण तो अभिमानाने फॉरवर्ड करतो. मला हल्ली तो बघवत नाही. तिघींनी आपापला देश अंगावर घेतलाय आणि मला एवढंच विचारावंसं वाटतं, बायांनो, थंडी वाजतेय का?

कारण आनंदीबाईंना वाजत होती. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून तिकडे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. (आमच्या सीमेवरच्या तालुक्यांत उजव्या खांद्यावरचा पदर काही परका नाही. आमच्या शेजारणी तसाच घेतात.) धर्म आणि पोशाख बदलणार नाही असं सांगून गेलेल्या त्या मुलीने शब्द पाळला आणि त्यातल्या त्यात पाय झाकायची वाटही काढली. माझ्या मते मराठी बाईने परदेशासाठी केलेला हा सगळ्यात अक्कलहुशारीचा 'लुक' आहे. तरी तो पुरला नाही. क्षयाने खंगून १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. सगळा दोष कपड्यांचा नाही, पण फोटो बघताना माझ्या मनात आधी कपडेच येतात.

मी शेवटी वापीला जाऊन थर्मल आणि एक करडा रेनकोट घेतला. ॲमस्टरडॅममध्ये पाऊस आडवा येतो, छत्री उलटी होते, आणि सायकलवरून जाणाऱ्या बायकांपैकी एकीच्याही अंगावर बदामी कोट नव्हता. सगळे फोटो रेनकोटात. मी त्यांत रेल्वेची गँगमन दिसते.

एक दिवस मात्र रेनकोटाखाली ते जॅकेट घातलं. संग्रहालयाच्या दारात ओले कोट काढून घेतात, ही गोष्ट कुठल्याच रीळात नव्हती. रेनकोट गेला आणि मी वारली जॅकेटमध्ये दालनात उभी. आत हीटर असा की डहाणूची दुपार बरी. बाकी लोक स्वेटरच्या चेनी उघडून आरामात फिरत होते. माझा हात गळ्याशी गेला आणि मैत्रीण आठवली.

दोन तास चेन लावून चित्रं बघितली. रेम्ब्रांच्या समोर मला एवढा घाम आला होता की तिथल्या सुरक्षारक्षकाने बरं वाटतंय ना, असं विचारलं. जॅकेटबद्दल कुणीच काही विचारलं नाही.