सममितीचे मोल : बायझर यांच्या पाठ्यपुस्तकाची संरचना

आर्थर बायझर यांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ मॉडर्न फिजिक्स’चे (सहावी आवृत्ती, २००३) बलस्थान त्याच्या संरचनेत आहे. सापेक्षतेनंतर येणारी ‘तरंगांचे कणधर्म’ आणि ‘कणांचे तरंगधर्म’ या आशयाची प्रकरणे परस्परांची प्रतिबिंबे ठरतात. त्यामुळे डी ब्रॉग्ली यांचे १९२४ मधील गृहीतक अपरिहार्य वाटू लागते. तथापि ही सममिती अध्यापनाची आहे, इतिहासाची नव्हे. आइन्स्टाइन यांचे १९०५ मधील प्रकाशविद्युत समीकरण मिलिकन यांनी १९१६ मध्ये प्रयोगाने खरे ठरविले, पण त्यामागील प्रकाशकणाची कल्पना नाकारली. तिला व्यापक मान्यता मिळाली ती कॉम्प्टन यांच्या १९२३ मधील संशोधनानंतर. समीकरण स्वीकारणे आणि त्याचा अर्थ स्वीकारणे यांतील अंतर सुबक मांडणीत सहज झाकले जाते. प्रास्ताविक पाठ्यपुस्तकाचा दर्जा म्हणूनच सुबोधतेबरोबर हे अंतर जाणवून देण्याच्या क्षमतेवरही जोखावा लागतो.