ओळखा पाहू : पेल्याचे चित्र आणि चवीचे वाचन

गेल्या मे महिन्यात पुण्याला भाच्याकडे मुक्कामाला होतो. जेवणे झाल्यावर त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक खेळ मांडला. मोबाइलवर क्राफ्ट बिअरच्या पेल्याचे छायाचित्र दाखवायचे, सोबत दोन-तीन सूचना द्यायच्या आणि त्यावरून बिअरची शैली ओळखायची. एका छायाचित्रात फिकट सोनेरी, नितळ बिअर होती. सगळे ‘पिल्सनर’ म्हणाले. मी ‘कोल्श’ म्हणालो आणि बरोबर ठरलो. “मामा, तू प्यायला आहेस का कधी ही?” भाच्याने विचारले. मी ती कधीच चाखलेली नव्हती. चाळीस वर्षे पुस्तकांची परीक्षणे लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न बिअरपुरता वाटला नाही. न चाखता जे ओळखले, ते नेमके काय होते?

मी बिअर ओळखली नव्हती, पेला ओळखला होता. कोलोन शहरात कोल्श सुमारे २०० मिलिलिटरच्या सरळ, अरुंद पेल्यात देतात. १९८६ साली तिथल्या ब्रुअरींनी करार करून या नावाला मर्यादा घातल्या. कोल्शचे यीस्ट एल पद्धतीचे, पिल्सनरचे लागर पद्धतीचे. पण आंबवण्यातला हा फरक छायाचित्रात दिसत नाही. दिसतो तो रिवाज.

म्हणून या खेळातल्या खुणा तीन जातींत वेगळ्या केल्या पाहिजेत. रंग, फेस, गढूळपणा या बिअरच्या अंगच्या खुणा. पेला आणि लेबल या रिवाजाच्या खुणा. गाव आणि शैलीचे नाव या इतिहासाच्या खुणा. खेळणारा या तिन्हींची सरमिसळ करतो आणि उत्तर बरोबर आले की आपल्याला चव कळली असे समजतो.

अंगच्या खुणा सर्वांत भरवशाच्या वाटतात आणि तिथेच फसगत जास्त. काळी बिअर म्हणजे कडक, हा समज घ्या. काळा रंग येतो खरपूस भाजलेल्या माल्टमधून आणि तो थोडासा पुरतो. त्याचा मद्यार्काशी संबंध नाही. आयरिश स्टाउट साधारण चार-पाच टक्क्यांची, इम्पीरियल स्टाउट आठ ते बारा टक्क्यांची. छायाचित्रात दोन्ही सारख्याच काळ्या. उलट गढूळ पिवळ्या पेल्यात बव्हेरियाची गव्हाची बिअर असेल, तर यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास येईल. बेल्जियमची विटबिअर असेल तर धणे आणि संत्र्याची साल. धुकट आयपीए असेल तर हॉप्समधून आंब्यासारखा गंध. तिन्हींचा रंग जवळपास एकच.

डोळा जिभेवर किती हुकूमत चालवतो, याचा दाखला वाइनच्या अभ्यासात आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले. वास नाकाने घेतला, शब्द डोळ्यांनी पुरवले.

रिवाजाच्या खुणांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र एदुआर माने याचे आहे. १८८२ सालच्या ‘फोली-बेर्जेरमधला बार’ या चित्रात संगमरवरी ओट्यावर लाल त्रिकोण असलेल्या तपकिरी बाटल्या दिसतात. बर्टनच्या ‘बास’ कंपनीचा हा त्रिकोण १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये पहिला व्यापारचिन्ह म्हणून नोंदला गेला. चित्रातली बिअर आपण बघताक्षणी ओळखतो, आणि तिचा एक थेंबही दिसत नाही.

इतिहासाच्या खुणा तर चक्क दिशाभूल करतात. इंडिया पेल एल हे नाव मुंबई-कलकत्त्याकडे येणाऱ्या जहाजांची आठवण सांगते. ‘पेल’ म्हणजे फिकट. आज ‘ब्लॅक आयपीए’ नावाची शैली आहे, म्हणजे काळी फिकट एल! नाव टिकले, अर्थ गळाला. मराठीत ‘ग्रामीण’, ‘महानगरी’ या शब्दांचे आपण काय केले आहे, ते आठवावे.

शैलींची आजची मांडणी फारशी जुनी नाही. मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने १९७७ सालच्या ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ या पुस्तकात जगभरच्या बिअर शैलींनुसार लावून दाखवल्या. पुढे १९८५ साली अमेरिकेत परीक्षकांची संस्था निघाली आणि तिच्या पुस्तिकेत प्रत्येक शैलीचा वास, रूप, चव, तोंडातला स्पर्श असे रकाने झाले. जॅक्सनची वर्णने चाखण्याचे निमंत्रण होती. रकाने परीक्षकाला लागतातच; पण खेळात त्यांतला ‘रूप’ हा एकच रकाना उरतो आणि बाकीचे आपण पाठांतराने भरतो.

मग खेळ टाकाऊ आहे का? मला तसे वाटत नाही. त्याची प्रत सूचनेवर ठरते. ‘देश बेल्जियम’ ही सूचना नावाकडे नेते आणि तिथेच संपते. ‘यात धणे पडले आहेत’ ही सूचना घडणीकडे नेते. ऐकणाऱ्याला पेला हातात घ्यावासा वाटतो. समीक्षेलाही हीच कसोटी लागते. कादंबरीचा प्रकार सांगून थांबणारे परीक्षण पहिल्या जातीचे. मी तशी पुष्कळ लिहिली. काही पुस्तकांचे मुखपृष्ठ, प्रकाशक आणि पहिली वीस पाने पाहून त्यांचा रकाना ठरवला आणि पुढची पाने त्या रकान्याला पुरावा म्हणून वाचली. त्यांतले निर्णय चुकलेच असतील असे नाही. कोल्शही बरोबरच आली होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याने उट्टे काढले. दोन बिअर स्टीलच्या पेल्यांत ओतून आणल्या. रंग दिसायची सोय नाही. एक घोट घेऊन मी म्हणालो, दोन्ही साध्या लागर, पहिली किंचित भाजक्या पावाच्या चवीची. त्याने पहिला पेला काचेच्या ग्लासात रिकामा केला. बिअर काळीभोर होती. पाहिल्याबरोबर माझ्या तोंडी ‘कॉफी’, ‘कडवट चॉकलेट’ हे शब्द आले. घोट तोच होता. स्टीलच्या पेल्यातून सुचलेला भाजका पाव तेवढा माझा होता.