सख्ख्या भावासाठी

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये, सेव्हर्न नदीच्या काठी डिअरहर्स्ट नावाचं खेडं आहे. तिथलं ‘ओडाज चॅपेल’ चटकन ओळखू येत नाही. लाकडी चौकटींच्या जुन्या शेतघराला ते इतकं चिकटलेलं आहे, की एके काळी त्या घरातच जिरून गेलं होतं; प्रार्थनेच्या दालनात चूल पेटत होती. एकोणिसाव्या शतकात घराची दुरुस्ती निघाली आणि गिलाव्याआडची वास्तू उजेडात आली. चुलीनेच तिला जगवलं म्हणायचं!

आत शिरण्याआधी बाहेरचे कोपरे पाहा. एक लांबट दगड उभा, त्यावर एक आडवा, पुन्हा एक उभा. उभा दगड कोपऱ्याला उंची देतो, आडवा भिंतीत शिरून तिला धरून ठेवतो. ही सॅक्सन गवंड्यांची खूण. नक्षीची एक रेघ न ओढता नुसत्या रचनेतून ताल उमटलाय.

खिडक्या लहान आणि उंचावर. भिंतीच्या मधोमध त्या अरुंद होतात आणि आत-बाहेर दोन्हीकडे फाकतात. छिद्र एवढंसं, त्यामुळे वाऱ्याला वाव कमी. पण आलेला उजेड तिरक्या कडांवरून पसरत खाली उतरतो. उजेड काटकसरीने कसा वापरावा, ते इथे शिकावं.

मुख्य दालन जेमतेम पंचवीस फूट लांब, सोळा फूट रुंद. त्यापलीकडे वेदीची खोली, आपल्या गाभाऱ्यासारखी आणखी लहान. दोहोंमधली कमान अर्धवर्तुळावर थांबत नाही. खाली येताना घोड्याच्या नालेसारखी किंचित आत वळते. ती जरा जास्त वळली असती तर दिखाऊ झाली असती. गवंड्याचा हात नेमका थांबलाय.

आता शिलालेख. १६७५ मध्ये जवळच्या फळबागेत सापडलेल्या या लॅटिन लेखात सरदार ओडा सांगतो, की ही वास्तू भाऊ एल्फ्रिकच्या आत्म्यासाठी बांधली. भावासाठी वापरलेला शब्द ‘जर्मानुस’, म्हणजे सख्खा भाऊ. लेखात इसवी सन नाही. राजा एडवर्डच्या कारकिर्दीचं चौदावं वर्ष आहे. त्यावरून बिशप एल्ड्रेडने केलेल्या अर्पणविधीची तारीख निघते : १२ एप्रिल १०५६. एवढ्या राजकीय थाटात तो एकच घरगुती शब्द मनात राहतो.

मूळ शिळा आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. चॅपेलमध्ये आहे ती प्रतिकृती. ओडा त्याच वर्षी ३१ ऑगस्टला वारला.