‘काल आले आहेत’चे इंग्रजी

इंग्रजीतला साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला भेद आपल्या शाळांत बहुधा एका वाक्यात उरकला जातो: क्रिया नुकतीच संपली असेल तर पूर्ण वर्तमान, पूर्वीच संपली असेल तर भूत. हा नियम मला टिकण्याजोगा वाटत नाही. मिनिटभरापूर्वी दिसलेल्या माणसाबद्दल इंग्रज ‘आय सॉ हिम अ मिनिट अगो’ असेच म्हणतो. उलट, हिमनद्यांनी हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या दऱ्यांबद्दल तो ‘हॅव कार्व्ह्ड’ म्हणू शकतो, कारण दऱ्या आज समोर आहेत. तेव्हा प्रश्न अंतराचा नाही. बोलणारा कुठे उभा राहून पाहतो, याचा आहे.

हान्स राइशेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली यासाठी तीन बिंदू कल्पिले: घटनेचा, बोलण्याचा आणि पाहण्याचा. साध्या भूतकाळात पाहण्याचा बिंदू घटनेपाशी असतो. पूर्ण वर्तमानात तो बोलण्याच्या क्षणी येतो.

मराठीला हा भेद परका नाही. ‘पाहुणे काल आले’ ही नुसती वार्ता. ‘काल आले आहेत’ म्हटले की त्यांचा मुक्काम अजून आहे. ‘काल आले होते’ म्हटले की ते बहुधा परतले. पण फारकत होते ती इथेच. आपल्या ‘आहेत’ला ‘काल’ खपतो. इंग्रजीच्या ‘हॅव’ला ‘यस्टरडे’ खपत नाही. अनुवादकाला एक तर ‘काल’ सोडावा लागतो, नाही तर पाहुण्यांचा मुक्काम वेगळ्या शब्दांनी सांगावा लागतो. ‘होते’चा धोका निराळा. ‘काल पुण्याला गेलो होतो’ याचे ‘हॅड गॉन’ केले, की इंग्रजी वाचक पुढच्या घटनेची वाट पाहत बसतो: गेला होता, मग काय झाले?

समीक्षेच्या अनुवादात तर याहून मोठी गोष्ट पणाला लागते. इंग्रजीत हयात लेखकाच्या कारकिर्दीबद्दलचे ‘हॅज रिटन’ मृत्युलेखात ‘रोट’ होते. आपण मात्र शके १२१२च्या ज्ञानेश्वरीबद्दल आजही सहज ‘ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे’ असे लिहितो. या ‘आहे’त ग्रंथ अजून बोलतो आहे, ही श्रद्धा नव्हे, वाचनाची रीत आहे. अनुवादकाने तिथे ‘सेड’ घातले, तर व्याकरण चुकत नाही. पण चालू असलेला संवाद इतिहासजमा होतो. अशा ठिकाणी मी साध्या वर्तमानातल्या ‘सेज’च्या बाजूने कौल देईन. इंग्रजी समीक्षेतही ग्रंथाबद्दल बोलण्याची तीच रूढी आहे. मराठीतले ‘आहे’ दिसले की ‘हॅज’ आणि ‘होते’ दिसले की ‘हॅड’, ही सवय सोडल्याशिवाय आपले वाङ्मय इंग्रजीत नीट पोचणार नाही. क्रियापदाचे रूप निवडण्याआधी अनुवादकाने विचारायला हवे, की मूळ लेखक आत्ता कुठे उभा आहे.